मिशनरी दांपत्यांची दिनचर्या आणि आपण

निवृत्तीनंतर वर्षातील सहा महिने मुलांकडे परदेशात आणि उरलेले सहा महिने तापीकाठी, ही आपल्या मंडळातील अनेक ज्येष्ठ दांपत्यांची आता रीतच होऊन गेली आहे. त्यात मीही आलो. सकाळी फिरणे, दुपारी नातवाला शाळेच्या बसवरून घरी आणणे आणि शनिवार-रविवारची वाट पाहणे, असा तो तिकडचा दिनक्रम. चाळीस वर्षे ज्याच्या दाराची कडी रात्री-अपरात्री वाजत होती, त्याच्यापुढे तेथे कोणी नाडी पाहण्यासाठीही हात करीत नाही. तेथील परवाना नसल्यामुळे त्याने ती पाहूही नये, हे योग्यच आहे. पण रिकाम्या दुपारी मोठ्या होत जातात, हेही खरे.

अशाच एका मुक्कामात मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध दांपत्याशी आमचा परिचय झाला. ते मॉर्मन पंथाचे. ह्या पंथातील तरुण पांढरे सदरे घालून दोघे-दोघे दारोदार फिरतात, हे परदेशी जाऊन आलेल्यांनी पाहिले असेल. परंतु संसारातून मोकळी झालेली वयस्क जोडपीही सहा महिन्यांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत दूरदेशी सेवेला जातात, आणि तो खर्च बहुधा स्वतःच्या बचतीतून करतात, हे मला ठाऊक नव्हते. आमचे शेजारी दीड वर्ष घाना देशात राहून आले होते. तेथे आपण काय केलेत, असे मी मोठ्या उत्सुकतेने विचारले. काहीतरी भव्य ऐकावयास मिळेल, अशी माझी अपेक्षा होती.

आजींनी एक वही आणून दाखविली. तरुण प्रचारकांच्या बिऱ्हाडांचे भाडे कोणत्या तारखेला द्यायचे, कोणाच्या खोलीतील पंखा बंद आहे, कोणाला हिवताप झाला आणि त्याच्या गोळ्या पूर्ण झाल्या की नाही, कोणत्या गावच्या सभागृहात झाडू संपला आहे, अशा नोंदींनी ती भरलेली होती. सकाळी साडेपाचला उठणे, पाणी उकळून गाळणे, प्रार्थना, मग आजोबा कचेरीत हिशेब लिहीत आणि आजी आजारी मुलांच्या खोल्यांवर फेरी घालीत. दुपारी बाजार. रात्री वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात घरी पत्रे. आजोबांच्या गुडघ्यांची तक्रार होती, तीही वहीत तारखेनिशी लिहिलेली होती. मी ती वही चाळीत असताना आमची सौ. हळूच म्हणाली, “म्हणजे घर चालवलं त्यांनी. आपल्यासारखंच. फक्त दुसऱ्यांचं.”

त्या वाक्याने मी विचारात पडलो. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक तर त्यागमूर्ती उभी राहते किंवा धर्मांतराचा संशय. ह्या दोहोंच्या आड त्यांचा दिवस झाकून जातो. माझे मत असे की, ह्या मंडळींनी जे काही उभे केले ते मुख्यतः ह्या कंटाळवाण्या दिवसांच्या बळावर. ते तेथे राहिले. ही राहण्याची गोष्टच आपण त्यांच्याकडून घेतली नाही.

धर्मांतराचा मुद्दा मी टाळीत नाही. आपल्या भागात तो टाळताही येणार नाही. बुऱ्हाणपूर ज्या जुन्या मध्य प्रदेशात होते, त्याच राज्याच्या शासनाने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतराचे थेट साधन म्हणून होऊ नये, अशी शिफारस त्यात होती. एक वैद्य म्हणून मला ती मान्य आहे. आजारी माणूस विवश असतो, आणि त्या विवशतेचा मोबदला, मग तो श्रद्धेच्या रूपाने का असेना, घेणे आपल्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांच्या दिनचर्येकडेही पाठ फिरविली, तर नुकसान आपलेच आहे.

मिरजेचे उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले तरुण डॉक्टर १८८९ साली पत्नी मेरी यांच्यासह आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे ते ह्या मातीत राहिले होते. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते ह्याच रुग्णालयाच्या आधाराने. आपल्या पिढीतील कित्येकांचे वरिष्ठ तेथे शिकलेले होते. वानलेसवाडी ह्या नावाने ते अजून लोकांच्या तोंडी आहेत. पण मेरीबाई १९०६ मध्ये ह्याच देशात वारल्या, आणि पुढे त्यांच्या दुसऱ्या पत्नी लिलियन ह्या स्वतः परिचारिकांच्या शिक्षणाचे काम पाहणाऱ्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या नावाची वाडी नाही. शस्त्रक्रियेची नोंद रुग्णालयाच्या पुस्तकात होते. ती चादर कोणी उकळून वाळविली, रोग्याच्या नातेवाइकांची चूल कोठे मांडू दिली, ह्याची होत नाही.

वेंगुर्ल्याला डॉ. गोहीन आणि त्यांच्या पत्नी यांनी असाच दीर्घ संसार केला. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० ह्या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. हे यश आपण कौतुकाने सांगतो. पण त्या मुलाला शिक्षणासाठी कोकणातून थेट कोडाईकनालला ठेवावे लागले होते. त्या काळच्या प्रवासाचा विचार करता आईबापांना मूल किती वेळा दिसत असेल, याचा हिशेब करून पाहावा. आज आपली मुले तिकडे आणि आपण इकडे. ताटातूट तीच, दिशा उलटी. त्यांना ती ताटातूट कामाने सोसवली. आपल्याला ती दूरध्वनीच्या पडद्याने सोसवते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

‘मिशन’ हा शब्द परक्यांचाच आहे, असेही नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना माहीत आहेत. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आणि वयाने ते सर्वांत ज्येष्ठ होते. ज्या वयात माणूस गच्चीवर कुंड्या लावतो, त्या वयात ते रणभूमीवर गेले, एवढ्याच कारणाने मला त्यांचे नाव कोटणिसांच्या आधी आठवते. कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, तेथील परिचारिकांच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात, मूल चार महिन्यांचेही झालेले नसताना, तेथेच वारले.

भाषा शिकले, हे महत्त्वाचे. मराठी मुलखात आलेल्या मिशनऱ्यांनाही आधी पंडिताकडे बसून मराठी गिरवावी लागे आणि तिची परीक्षा द्यावी लागे. आपल्यापैकी किती जणांना कोरकू येते? खकनार तहसिलीतील कोरकू रोगी आपल्या दवाखान्यात पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. ‘कोठे दुखते’ एवढे विचारण्यापुरतीही ती भाषा मी शिकलो नाही. ती मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, ऐकून सहज उमगत नाही, हे खरे. पण घाना देशातील भाषा तरी त्या आजींच्या कुळातली कोठे होती?

मी स्वतः शिबिरवाला माणूस आहे. वर्षातून एकदा फलक बांधून, औषधांची खोकी घेऊन, दुपारच्या पुरी-भाजीसह आम्ही कोरकू पाड्यांवर गेलो आहोत, आणि त्याची छायाचित्रे आपल्या मागील स्मरणिकांतून छापली गेली आहेत. अशा एका शिबिरात पन्नाशीच्या एका बाईचा रक्तदाब फार वाढलेला आढळला. मी महिन्याच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणून सांगितले आणि पुढच्या रोग्याकडे वळलो. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच पाड्यावर गेलो, तेव्हा ती नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली. उजवी बाजू लुळी पडली होती. गोळ्यांची रिकामी पाकिटे तिने फडक्यात बांधून जपून आणली होती. एकही गोळी तिने चुकविली नव्हती. संपल्यावर पुन्हा का आला नाहीत, असे मी दुभाष्यामार्फत विचारले. नातवाने तिचे उत्तर सांगितले. ते एकाच शब्दाचे होते. “कुठे?”

त्या वर्षीचे छायाचित्रही छापले गेले.

तापी मुलताईहून निघते आणि मेळघाटच्या उत्तर सीमेने वाहत आपल्याकडे येते. त्या मेळघाटात, धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून संसार मांडला. एक रुपया फीची कथा सर्वतोमुखी झाली, २०१९ साली दोघांना पद्मश्रीही मिळाली. फीपेक्षा मला त्यांची शेती अधिक मोलाची वाटते. कुपोषण हा रोग दवाखान्यात बरा होत नाही हे उमगल्यावर त्यांनी लोकांच्या पिकांत, जनावरांत आणि शिधावाटपाच्या दुकानात लक्ष घातले. हे शिबिराच्या दिवशी उमगत नाही, तेथे पावसाळे काढल्यावर उमगते.

जामखेडच्या आरोळे दांपत्याने तर एक पाऊल पुढे टाकले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल हे परदेशी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातील निरक्षर, बहुधा दलित आणि परित्यक्ता स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोगाची ओळख, हे सर्व त्या करू लागल्या. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पण शिकलेले ज्ञान त्या गावांत उरले. पुढे २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले, ‘आशा’ कार्यकर्ती आली, त्यामागे असल्या प्रयोगांचा अनुभव होता. वानलेसांच्या पद्धतीत डॉक्टर मध्यभागी होता. आरोळ्यांनी त्याला बाजूला सरकविले. निवृत्त डॉक्टरला हे अधिक मानवेल, असे मला वाटते, कारण त्याचे हात थकलेले असतात, पण शिकविण्याची हौस नव्याने आलेली असते.

हे सर्व जैनाबादेत बसून लिहीत आहे. पलीकडे आहुखान्याचे भग्न अवशेष आहेत. १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बुऱ्हाणपुरात मरण पावली आणि तिचा देह प्रथम येथे ठेवला गेला. पाहुण्यांना आपण हे ताजमहालाच्या संदर्भात सांगतो. डॉक्टरांच्या स्मरणिकेत ते मातामृत्यू म्हणून सांगावयास हवे. बादशहाचे हकीम हाताशी असून ती वाचली नाही, ह्याला त्या काळच्या विद्येची मर्यादा म्हणता येईल. आज ती विद्या आपल्यापाशी आहे, आणि ती खकनारच्या शेवटच्या पाड्यापासून काही तासांवर, आपल्या निवृत्त घरांत, वर्तमानपत्र वाचीत बसली आहे.

म्हणून वार्षिक सभेपुढे मी एक प्रस्ताव ठेवीत आहे. शिबिरांचा खर्च एक वर्ष थांबवावा. त्या पैशातून एखाद्या कोरकू गावात दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि आपल्यापैकी एका निवृत्त दांपत्याने तेथे सलग वर्षभर राहावे. शस्त्रक्रिया नको, सलाइनच्या बाटल्या नकोत. रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र आणि एक जाड वही पुरे. उपकेंद्राच्या परिचारिकेला आणि आशाताईंना विचारून काम करावे, त्यांच्यावर अधिकार गाजवू नये. कोणाच्या गोळ्या कधी संपतात, हे त्या वहीत लिहावे, आणि संपण्याच्या आधल्या दिवशी त्या घरी जावे. संध्याकाळी कोणा शाळकरी मुलाकडून कोरकू शिकावी. वर्ष संपले की दुसऱ्या दांपत्याने वही हाती घ्यावी. आपल्यात अशी चार-पाच जोडपी निघतील, असा माझा अंदाज आहे; त्यांत वातानुकूलनाशिवाय मे महिना काढू शकणारी किती, हा प्रश्न मी सभेतच विचारीन.

पहिल्या वर्षासाठी आम्हा दोघांची नावे मी घातली आहेत. मसुदा घरी वाचून दाखविला तेव्हा सौ.ने दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, तिचे नाव ‘डॉ. व सौ.’ ह्या शब्दांत कोठे तरी अडकले होते. दुसरा अधिक अडचणीचा: “तुम्ही काय करणार हे दहा ओळींत लिहिलंय. मी तिथे काय करायचं, त्याची एकही ओळ नाही. स्वयंपाक धरून चालला असाल, तर तसं लिहा.” घानाहून आलेल्या आजींच्या वहीची तिनेच मला आठवण करून दिली. त्या रात्री आम्ही मसुदा पुन्हा लिहावयास घेतला. वही तिच्याकडे राहील, एवढे ठरले आहे. चुलीचा मुद्दा अजून चर्चेत आहे. सभेपर्यंत तो मिटेल, अशी आशा आहे.