माशांचं पाणी

मुलांच्या वाढदिवसाला काचेची टाकी येते आणि आठवड्याभरात मासे उलटे तरंगू लागतात. मुलं रडवेली होतात, दुकानदार नवे मासे द्यायला तयारच असतो! मुंबईहून आजी फोनवर सांगतात, "पाणी रात्रभर बादलीत ठेव गं." सल्ला खरा, पण क्लोरीनपुरता. क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन सहजी जात नाही. वॉशिंग्टनने २००० साली आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००४ साली नळाच्या पाण्यात तेच वापरायला सुरुवात केली. आपल्याला ते प्यायला चालतं, माशांच्या मात्र कल्ल्यांतून थेट रक्तात जातं. तेव्हा आपल्या गावच्या पाणीखात्याला आधी विचारा. क्लोरामाइन असेल तर ते फोडल्यावर सुटणारा अमोनियाही निकामी करणारं कंडिशनर आणा.

अमोनिया माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातूनही होतो. त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर २० गॅलनच्या टाकीत दोन-तीनच चिवट मासे, चिमूटभर खाणं, आणि हाताशी टेस्ट किट. आकडा चढला की पाव टाकी पाणी बदलायचं. कुणा मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम, विरजणच ते! फक्त तो नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.