शिकवणाऱ्याने आधी शिकावे

इंग्रजी बोलता येते म्हणून ती प्रौढांना शिकवताही येईल, हा समज स्वयंसेवकांनी सोडायला हवा. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात ११,००० हून अधिक लोकांना नीट लिहिता-वाचता येत नाही, हे १९६० च्या जनगणनेतून कळल्यावर रूथ कोल्विन अस्वस्थ झाल्या. १९६२ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांची संघटना उभारली. पण त्यासाठी विद्यापीठातल्या वाचनतज्ज्ञांची मदत घेतली, स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी पुढे पुस्तकही लिहिले. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला डॉक्टरांना दुखणे सांगायचे असते, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायची असते. त्याच्यापुढे बालवाडीची गाणी ठेवणे हा त्याच्या वयाचा अपमान आहे.

प्रशिक्षणाची अट घातली तर स्वयंसेवक मिळणार नाहीत, असे म्हणतात. काही गळतील, हे खरे. पण गोंधळलेल्या शिक्षकामुळे शिकणाराच गळाला, तर तो धीर करून पुन्हा येईलच असे नाही. हे काम सरकारचे आहे, हा आक्षेपही मला मान्य आहे. म्हणून तर प्रशिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा. शिकणाऱ्याशेजारी बसायला मात्र माणूसच लागतो, आणि तो तयारीनिशी आलेला असावा.