बाळाचे पाय गार का पडतात?

मुरबाडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली, वजन २ किलो १०० ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी आणली. त्या लिहितात, “दोन झबली घातली, वर गोधडी टाकली, तरी पाय गारच. शेजारच्या आजी म्हणतात, कडकडीत पाण्याने न्हाऊ घाला आणि बाजेखाली शेगडी ठेवा. काय करू?”

उत्तर उलटटपाली धाडलेच आहे. पण शहापूर-मुरबाडकडे पौषात, म्हशाच्या जत्रेच्या सुमारास, पहाटेचा गारठा हाडात शिरतो. हा प्रश्न घरोघरचा, म्हणून येथेही देत आहे.

ताई, आधी शेगडी खोलीबाहेर काढा. बंद खोलीतला कोळशाचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठतो.

आता पायांचे. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून ऊब तयार होते. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. त्याच्या खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते. ती जाळून ते अंग ऊबदार ठेवते. कमी वजनाच्या बाळाजवळ ही शिदोरी थोडीच असते. गारठा लागला की कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त हातापायांकडे कमी जाते आणि आतल्या अवयवांसाठी राखले जाते. म्हणून पाय आधी गार पडतात. ती बाळाची पहिली हाक समजा.

हाताच्या पाठीमागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार, तर धोका. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवे. गारठलेले बाळ मलूल होते, नीट ओढत नाही. दूध कमी गेले की आणखी गारठते.

मग गोधडीने का भागले नाही? अहो, गोधडी ऊब राखते, तयार करत नाही! ऊब आईच्या छातीशी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरा, वरून लुगडे नि शाल लपेटा. मान एका बाजूला आणि नाक मोकळे राहू द्या. आई थकली की आजीने किंवा बाबांनी घ्यावे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आता पेट्या असलेल्या मोठ्या इस्पितळांतही ती वापरतात.

न्हाऊ घालण्याची घाई नको. वजन भरेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. अंगावरचे दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा पाजा.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी बाळांची अशी देखभाल करून घेतली. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ मध्ये साऱ्या जगाने वाचले. तुमच्याकडेही आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्या.

तासभर छातीशी धरूनही पोट गार राहिले, बाळ ओढेना, ओठ निळे पडले किंवा श्वास भरभर चालला, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय वा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. वाटेतही बाळ छातीशीच हवे.

आणि आजीबाईंवर रागावू नका. त्यांनाही नातीला ऊबच द्यायची होती. त्यांच्याच कुशीत बाळ द्या की!