मधली पिन मायनस

आमच्या मंगरूळपीरला वाजवायला निमित्तांची टंचाई कधीच नव्हती. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचा उरूस आहे, बिरबलनाथ महाराजांची यात्रा आहे, १४ एप्रिलची भीमगीतं आहेत आणि लग्नसराई तर आहेच. पूर्वी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकीवर भागायचं. आता स्टेजवर एखादा गिटारवालाही दिसतो, आणि त्याच्या पायाशी इफेक्ट पेडलची छोटी डबी.

ही डबी ऐन वेळी रुसते. पायाने बटण दाबावं तर लाल दिवा पेटत नाही. मग ‘पेडल गेलं’ असा निकाल लागतो आणि डबी कुरिअरने पुण्या-मुंबईला धाडायची तयारी सुरू होते. माझं म्हणणं असं, की अशा डब्यांपैकी बऱ्याच धडधाकट असतात. त्यांच्यापर्यंत वीजच पोचलेली नसते. आणि वीज कुठे अडली हे शोधणारा माणूस आपल्याच बाजारात टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करत बसलेला असतो.

त्याच्याकडे जाण्याआधी घरीच करायच्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट, गिटारची वायर पेडलच्या इनपुटला लावा. हा खुळचटपणा नव्हे. बहुतेक पेडलमध्ये बॅटरीची मायनस वायर इनपुटच्या जॅकमधून जाते आणि वायरची पिन आत गेली, की सर्किट जुळतं. वेगळं बटण लागू नये म्हणून ही युक्ती. त्यामुळे नुसती नवी बॅटरी घालून दिवा पेटण्याची वाट पाहणारा रात्रभर पाहत बसेल. उलट, वाजवून झाल्यावर पिन तशीच ठेवली तर बॅटरी विनाकारण झिजत राहते.

दुसरी गोष्ट, बॅटरी आणि ॲडॅप्टर यांची वेगवेगळी परीक्षा घ्या. बॅटरीवर चालतं, ॲडॅप्टरवर नाही, तर दोष ॲडॅप्टरचा किंवा त्याच्या सॉकेटचा. ॲडॅप्टरवर चालतं, बॅटरीवर नाही, तर पावसाळाभर कपाटात पडून क्लिपवर हिरवा गंज चढलाय का ते बघा. पण बॅटरी तपासताना ॲडॅप्टरची पिन काढून ठेवा. ती सॉकेटात असली की बॅटरीची जोडणी आपोआप तुटते, मग ॲडॅप्टर मेलेला का असेना. दोन्हीवर चालत नसेल, तरच आत काही झालंय असं समजायचं.

तिसरी गोष्ट कानाची. ट्रू बायपासची डबी वीज नसतानाही गिटारचा साधा आवाज पुढे जाऊ देते. बॉससारख्या बफरवाल्या डबीत वीज गेली की सगळंच गप्प होतं. आणि दिवा नाही पण इफेक्ट ऐकू येतोय, तर बिचारा दिवाच गेलाय.

आता मुख्य खोडीकडे येऊ. गिटारच्या इफेक्टची पहिली गाजलेली डबी, मॅस्ट्रोची फझ-टोन, १९६२ मध्ये आली ती दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालणारी. ॲडॅप्टरच नव्हता, त्यामुळे घोळही नव्हता. पुढे ९ व्होल्टची बॅटरी आली, १९७७ पासून बॉसच्या छोट्या डब्या आल्या, आणि ॲडॅप्टरच्या पिनची एक रीत पडून गेली: मधला भाग मायनस, बाहेरचं कडं प्लस. घरातल्या वायफाय राऊटरचं, सीसीटीव्हीचं बरोबर उलटं. तिथे मध्ये प्लस, आणि व्होल्टेजही बहुधा १२. पिन मात्र तीच, साडेपाच मिलिमीटरची. सॉकेटात चपखल बसते, आणि तिथेच घात होतो.

आमच्या गल्लीतल्या एका पोराने कार्यक्रमाच्या घाईत हेच केलं. राऊटरचा ॲडॅप्टर ओव्हरड्राइव्ह पेडलला लावला आणि डबी ठार बंद. तो ती घेऊन बाजारातल्या मेकॅनिककडे गेला तेव्हा मीही सोबत होतो. त्या माणसाने गिटारचं पेडल पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. त्याने चार स्क्रू काढले, सॉकेटाजवळची पट्टी भिंगातून पाहिली, मीटरच्या दोन टोकांनी एका काळ्या डायोडला शिवलं. मीटर टीं करून वाजला. टोकं उलटी केली, पुन्हा टीं. डायोडचा एक पाय सोल्डरमधून मोकळा करून पाहिलं, तरी टीं. चांगला डायोड एकाच बाजूने वाट देतो. “हा त शॉर्ट झाला ना भाऊ. सप्लाय उलटा काहून देल्ला?” तो म्हणाला.

हा डायोड पहारेकरी असतो. वीज उलटी आली की ती स्वतःच्या अंगावर घेतो आणि पुढच्या सर्किटला वाचवतो. जास्तच सोसावं लागलं तर कायमचा शॉर्ट होतो, आणि मग सरळ वीजही त्याच्यातच संपते. मेकॅनिकने खणातून ४००७ नंबरचा डायोड काढला, चांदीचा पट्टा कुठल्या बाजूला हे दोनदा पाहून टाका मारला, पेडलला दिवा आला. दोन-तीन रुपयांची वस्तू, एलईडी बल्बच्या ड्रायव्हरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे लागणारी. डायोड नुसता काढून टाकला तरी डबी चालली असती; पण मग पुढची चूक थेट सर्किटला भोवली असती.

दरवेळी इतकं स्वस्तात सुटत नाही. काही डब्यांत व्होल्टेज वाढवणारी मॅक्स १०४४ सारखी आयसी असते, तिची झेप १० व्होल्टपर्यंतच. तिथे १२ व्होल्ट सरळ दिले तरी खेळ खलास. डिजिटल डिलेला करंटही जास्त लागतो. साध्या ओव्हरड्राइव्हचं पाच-दहा मिलिॲम्पिअरवर भागतं, तिथे याला शंभराच्या वर लागू शकतात. कमी पडला तर दिवा लुकलुकतो, नाहीतर पेटतच नाही. जास्त ॲम्पिअरच्या ॲडॅप्टरची भीती मात्र नको. टाकी मोठी असली म्हणून तांब्या फुटत नाही.

मग गावात ॲडॅप्टर आणायचा कुठून? ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा. रोलँडच्या ऑक्टोपॅडचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर मध्ये मायनसवालाच असतो. बॉस ही रोलँडचीच कंपनी. जुन्या कॅसिओ कीबोर्डचे ९ व्होल्टचे ॲडॅप्टरही तसेच. फक्त मागचं स्टिकर वाचून घ्या: मधल्या ठिपक्याची रेघ वजाच्या चिन्हाकडे गेली पाहिजे. ॲडॅप्टर स्वतः उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका. २३० व्होल्टच्या लायनीवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० च्या आसपास व्होल्ट भरलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

आमच्याकडच्या मेकॅनिकना टीव्ही, मिक्सर, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर सगळं येतं. पेडलमध्येही तेच डायोड, तेच कपॅसिटर, तेच टाके. त्यांना ठाऊक नसते ती एवढीच रीत, की इथे मधली पिन मायनस. ती काउंटरवर डबी ठेवतानाच सांगा, आणि कुरिअरचे पैसे नव्या ॲडॅप्टरला लावा.