'पूर्ववत' या शब्दाला हरकत

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींचा विषय निघाला की आपल्या व्यापारी वर्गात एकच मागणी ऐकू येते : खाणी पूर्ववत सुरू झाल्या पाहिजेत. ही मागणी करणारांस मी दोष देत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकांचे टायर व सुटे भाग उधारीवर देणारांत मीही होतो; त्या उधारीपैकी बरीचशी रक्कम अद्याप वहीतच पडून आहे. कर्ज काढून ज्यांनी ट्रक घेतले त्यांची दैना तर सर्वांनी पाहिली. तथापि 'पूर्ववत' या एका शब्दाला माझी हरकत आहे, व ती सभासद बंधूंपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वी काय होते? पोर्तुगीज अमदानीतील परवान्यांवर उभा राहिलेला हा धंदा दीर्घकाळ मुख्यतः जपानच्या मागणीवर चालला. पुढे चीनची मागणी वाढली, हलक्या प्रतीच्या मालासही भाव आला, आणि २०१०-११ साली गोव्यातील बंदरांतून सुमारे पाच कोटी टन खनिज परदेशी गेले. त्यांत कर्नाटकाचाही माल होता. कुडचडे-सावर्डे भागात रस्त्यावर ट्रकांची अखंड रांग असे आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या अंगावर लाल धुळीचा थर. त्या रांगेकडे पाहून आपण आनंदित होत होतो, हे कबूल करावयास हवे.

एक टन खनिज काढावयाचे तर अडीच-तीन टन माती व दगड उपसून बाजूस टाकावे लागतात. त्यांचे ढीग पावसाळ्यात वाहू लागतात. माती भातशेतांत, कुळागरांत व नद्यांच्या पात्रांत उतरते. पाण्याची गोष्ट याहूनही गंभीर होय. गोव्यातील भुकटीसारख्या खनिजाचा जो थर आपण काढून विकतो, तोच पुष्कळ ठिकाणी भूमीतील पाणी धरून ठेवतो. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लावून पाणी उपसत राहावे लागते, आणि भोवतालच्या विहिरी रित्या होतात. लईराई देवीच्या जत्रेमुळे सर्वपरिचित असलेल्या डिचोली तालुक्यातील शिरगावाच्या विहिरी व झरे असेच आटले आणि ग्रामस्थांस न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहू. दुकानातील माल विकून आलेली सारी रक्कम जो नफा म्हणून खर्च करतो, त्यास आपण व्यापारी म्हणत नाही. तो मुद्दल खाणारा वारस. खनिज हे मुद्दल आहे. ते दुसऱ्यांदा भरता येत नाही. असे असता त्याची किंमत उत्पन्नात जमा झाली, आणि आटलेली विहीर, बुजलेले शेत यांची रक्कम कोणाच्याच वहीत नावे पडली नाही. गोवा फाउंडेशनच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निर्णय दिला. खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे त्यात ठरले. उत्खननास तूर्त वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा पडली, व विक्रीच्या रकमेचा दशमांश कायम निधीत ठेवण्याची आज्ञा झाली. ही शेवटची आज्ञा तर आपल्याच पेढीवरील एखाद्या जुन्या मुनिमाने सुचवावी अशी आहे! पुढे पट्ट्यांचे नूतनीकरणही २०१८ साली रद्द झाले, आणि डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले.

आपल्या समाजास या प्रश्नाचा आणखी एक संबंध आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात स्फोटजीविका, म्हणजे जमीन खोदण्या-फोडण्याचा धंदा, गणली आहे. त्याच यादीत शकटजीविका व भाटकजीविका आहेत : गाड्यांचा धंदा, आणि वाहने व जनावरे भाड्याने देण्याचा. खाण माझी नाही, मी केवळ ट्रकास भांडवल पुरवितो, असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यास त्या यादीने जागा ठेवलेली नाही. अक्षरशः घेतले तर विहीर खणणेही वर्ज्य ठरेल, आणि आपल्या दुकानातील तिजोरी व वजने लोखंडाचीच आहेत. म्हणून खाणकाम मुळीच नको, असे मी म्हणत नाही. डिचोली तालुक्यातच कुडणे येथे प्राचीन जैन मंदिराचे अवशेष आहेत; तेथे जाणाऱ्याने वाटेत खाणींनी कापलेले डोंगरही पाहून यावेत.

यास्तव शासनाकडे निवेदन पाठवावयाचे झाल्यास त्यातून 'पूर्ववत' हा शब्द काढावा. उत्खननाची मर्यादा राहावी, नवा खड्डा खणण्यापूर्वी जुन्या ढिगांचा बंदोबस्त व्हावा, कायम निधीचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा, व ज्या गावाच्या विहिरी आटल्या त्यास पाणी प्रथम मिळावे, एवढे त्यात घालावे. माझ्या दुकानापुरते मी ठरविले आहे की खाणीवरील ट्रकांस माल रोखीनेच द्यावयाचा, आणि भरपूर उधारी देऊन नव्या ट्रकांची संख्या फुगवावयाची नाही. मुलगा म्हणतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. काही गेलेही आहेत.