हवेचेही माप असते

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पुणे-सातारा महामार्गावरून जीपगाड्यांची रांग चेलाडी फाट्याला वळते. काही गाड्या नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला जातात आणि पुढे केळदच्या मढे घाटापर्यंत पोहोचतात. काही कापूरहोळवरून भोरला येऊन हिर्डोशीच्या बाजूने वरंधा घाटाकडे, नाहीतर रायरेश्वराच्या पायथ्याकडे निघतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण फाट्यावर अजून सगळे वेल्हेच म्हणतात.) पूर्वी या वाटांवर वडापच्या जीपा धावत. त्यांना कंपनीच्या मापाचे टायर, नाहीतर रिमोल्ड. आता थार, गुरखा, जिम्नी, बोलेरो येतात आणि त्यांतल्या कित्येकांना मालकांनी हौसेने रुंद, मोठ्या गुटक्यांचे टायर घातलेले असतात. रस्त्याच्या कडेला कंप्रेसर घेऊन बसलेल्या आपल्या कारागीर बांधवाला हे गिऱ्हाईक एवढेच सांगते, "हवा चेक करा." आणि आपला बांधव एवढेच विचारतो, "किती मारू?"

हे 'किती मारू' आम्हाला खटकते. प्रश्न विचारण्यात गैर नाही. पण उत्तर गिऱ्हाईकालाही माहीत नसते आणि विचारणाऱ्यालाही नसते, तरी हवा मारली जाते. गेल्या पावसाळ्यात आम्ही या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या दुकानात तासभर बसलो होतो. तेवढ्या वेळात बदललेल्या टायरच्या तीन गाड्या आल्या. पहिला म्हणाला, "नेहमीची पस्तीस मारा." दुसरा म्हणाला, "चाचा, टायरवरच पन्नास लिहिलंय की, तेवढी भरा." तिसऱ्याने दार उघडून स्टिकर दाखवला आणि म्हणाला, "कंपनी सव्वीस सांगते." चाचांनी ज्याला जे हवे ते दिले. तिन्ही गाड्या गेल्या. चूक कोणाची झाली, हे चाचांनाही सांगता आले नसते आणि त्या वेळी आम्हालाही आले नसते. पुढे आम्ही जाणकारांना विचारून आणि टायर कंपन्यांचे तक्ते पाहून जे समजून घेतले, ते येथे मांडतो.

टायरच्या बाजूवर जो पन्नासचा आकडा असतो, तो 'इतकी भरा' असा हुकूम नसतो. त्या टायरला जास्तीत जास्त वजन पेलायचे असेल तेव्हा लागणारी, किंवा त्याला सोसणारी, ती हवा असते. गाडी कोणती, तिचे वजन किती, याचा टायर बनवणाऱ्याला पत्ता नसतो. तो पत्ता असतो गाडी बनवणाऱ्याला, आणि त्याने तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर लावून सांगितलेला असतो. म्हणून गाडीला मूळ मापाचे आणि मूळ जातीचे टायर असतील, तर स्टिकरवरचा आकडा बरोबर. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतील, तर ते वेगळेच ठेवावेत. काही स्टिकरवर पौंडांऐवजी बार लिहिलेले असते. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड.

अडचण येते ती टायर बदलल्यावर. स्टिकर जुन्या टायरसाठी छापलेला असतो आणि चाकात नवा बसलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. गाडीचा मूळ टायर २१५/७५ आर १५ असा आहे आणि मापापुढे १०० हा आकडा आहे. हा १०० म्हणजे वजनाचा सांकेतिक आकडा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, ११२ म्हणजे ११२० किलो. पण साध्या मोटारीच्या जातीचा टायर हे पूर्ण वजन साधारण ३६ पौंडांवर पेलतो. हवा कमी झाली की ताकदही कमी होते. समजा, या गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकाला ३२ पौंड लिहिले आहे. तेवढ्या हवेत हा टायर सुमारे ७२८ किलो पेलतो. गाडी बनवणाऱ्याने हिशेब करून ठेवलेली ताकद ती हीच. टायर कोणताही घाला, ही ७२८ किलोची ताकद त्याच्यात राहिली पाहिजे. सगळा हिशेब एवढ्यावर येतो.

आता मालकाने २३५/७५ आर १५ घातला. या मापात दोन जाती मिळतात. एक साधी, मोटारीची, १०५ आकड्याची. दुसरी मालवाहू हलक्या गाड्यांची, जाड थरांची, मापाच्या आधी 'एलटी' अक्षरे असलेली. हिच्यावर १०४ असतो आणि तिचे पूर्ण ९०० किलो पन्नास पौंडांना मिळतात. दोन्ही टायर शेजारी उभे केले तर दिसायला जवळपास सारखे. पण ७२८ किलोसाठी पहिल्याला २७ पौंडही पुरतात, आणि दुसऱ्याला ३८ लागतात. जाड टायर म्हणजे मजबूत, मग त्याला हवा कमी चालेल, असे आपल्यातले पुष्कळ जण धरून चालतात. ते उलटे आहे. एलटी टायरमध्ये ३५ मारले तर तो जेमतेम ६९० किलो पेलतो, म्हणजे मूळ बारीक टायरपेक्षाही कमी. पाच माणसे, सामान आणि छतावर कॅरियर असलेली गाडी या हवेत महामार्गाला लागली की टायरची बाजू दुमडत राहते, आतून तापते, आणि एखाद्या उन्हाळी दुपारी थर सुटून टायर फुटतो. पन्नास मारणारा दुसऱ्या टोकाला जातो. टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो, ओल्या वळणावर धरत नाही, आणि विंझरच्या पुढे प्रत्येक खड्डा पाठीत बसतो.

पहिल्या जातीत २७ पुरतात म्हणून २७ माराव्यात का? आमच्या मते नाही. स्टिकरच्या आकड्याखाली जाऊ नये हा पक्का नियम धरावा. हिशेब जास्त सांगत असेल तर जास्त मारावी, कमी सांगत असेल तर स्टिकर पाळावा. असे का, याचा दाखला परदेशात आहे.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्स्प्लोरर या जीपवजा गाडीला बसवलेले होते, आणि माप होते हेच, २३५/७५ आर १५. टायरचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकी सरकारच्या नोंदीत त्या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा २७१ वर गेला. टायर बनवण्यातच दोष होता, असे फोर्ड म्हणे. फायरस्टोन गाडीच्या घडणीकडे बोट दाखवी. पण वादात एक आकडा सारखा येत होता: फोर्डने स्टिकरवर २६ पौंड लिहिले होते आणि फायरस्टोन ३० हवेत म्हणत होती. चार पौंडांचा फरक. २६ मध्ये वजन पेलले जात होते, पण हातात राखीव काही उरत नव्हते. महिनाभर कोणी हवा पाहिली नाही, तीन-चार पौंड आपोआप उतरले, वर भरलेली गाडी, कडक ऊन आणि मोठा वेग, की टायर मर्यादेच्या खाली गेलाच. या भांडणात दोन कंपन्यांचा जवळपास शंभर वर्षांचा व्यवहार २००१ मध्ये तुटला. अमेरिकेने त्यानंतर नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा केला. आपल्याकडेही तो दिवा आता बऱ्याच गाड्यांत येतो. दिवा पेटला की गिऱ्हाईक घाबरून पहिले दुकान दिसेल तेथे थांबते, आणि ते दुकान बऱ्याचदा आपल्याच बांधवाचे असते.

हवा थंड टायरमध्ये मोजायची असते, हे सगळे कारागीर जाणतात, पाळतात फार थोडे. पुण्याहून तासभर पळत आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो. सकाळी घरी ३२ असलेला काटा फाट्यावर ३६-३७ दाखवतो. पोरगा म्हणतो, "जास्त झालीय साहेब," आणि चार पौंड सोडून देतो. गाडी रात्री वेल्ह्यात मुक्कामाला राहते, पहाटेच्या गारव्यात तोच टायर २८ च्या खाली असतो. गरम टायरमधून हवा सोडू नये, एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक दुकानात पाळली गेली तरी पुष्कळ झाले.

चिखलाची गोष्ट वेगळी आहे. केळदकडे भातखाचरांच्या कडेने, लाल-काळ्या राड्यात जायचे असेल तर हवा कमी करणे योग्यच. १८-२० पौंडांवर टायर पसरतो, जास्त जमीन धरतो आणि रुतत नाही. मात्र तेवढ्या हवेवर ताशी २५-३० च्या वर जाऊ नये, झटक्याने वळवू नये, आणि १५ च्या खाली तर उतरूच नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. शिवाय सैल टायरची बाजू बाहेर फुगते, धारदार कातळाला ती लवकर चिरते. पण खरा धोका त्यानंतरचा. दिवसभर चिखलात खेळलेले लोक संध्याकाळी दमलेले असतात, पोरे पेंगत असतात, आणि गाडी त्याच २० पौंडांवर महामार्गाला लागून ऐंशी-शंभरने पुण्याकडे पळू लागते. गाडीत ठेवायचे बारा व्होल्टचे पंप फार हळू भरतात, म्हणून कोणी कंटाळाच करतो. येथे आपल्या कारागिराचा धंदा आहे. रविवारी संध्याकाळी चेलाडीच्या आधी मोठा कंप्रेसर आणि चार टायर झटपट भरून देणारा माणूस असेल, तर गिऱ्हाईक त्याचे पैसे आनंदाने देईल. वीज जाते म्हणून पेट्रोलवर चालणारा कंप्रेसर ठेवावा, म्हणजे ऐन गर्दीत दुकान बंद पडणार नाही.

आम्हाला लोक विचारतील, दहा-वीस रुपयांच्या हवेसाठी एवढा हिशेब कोण करणार? आम्ही म्हणतो, हिशेब रोज करायचा नाही. टायर विकतानाच एकदा करायचा. प्रत्येक मोठ्या कंपनीकडे वजन आणि हवेचा तक्ता असतो. वितरकाकडे तो मागावा, छापून भिंतीला लावावा. टायर विकला की बिलावर माप, वजनाचा आकडा आणि 'पुढे इतके, मागे इतके पौंड, थंड' असे लिहून द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल द्यायला आणि घ्यायला आता पूर्वीइतके जड जाऊ नये. आणि उद्या टायर फुटला तर तेच लिहिलेले बिल दुकानदाराची बाजू मांडेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली कसूर हा तक्रारीचा विषय आहे. तोंडी "भरली होती साहेब" तेथे चालत नाही.

गेजविषयी मात्र आम्ही जरा कडक बोलणार. आपल्या पुष्कळ दुकानांत गेज म्हणजे कंप्रेसरच्या नळीला लटकणारा, काच फुटलेला, वर्षानुवर्षे आपटलेला काटा असतो. तो तीन-चार पौंड इकडेतिकडे दाखवतो हे दुकानदाराला ठाऊक असते. किराणा दुकानातला तराजू असा असता तर आपणच त्या दुकानदाराला बेइमान म्हटले असते. मापात खोट करणाऱ्यांना पवित्र कुरआनात किती कडक ताकीद आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. एका सूरहचे नावच त्यांच्यावरून पडले आहे. धान्य कमी भरले तर गिऱ्हाईकाचे चार पैसे जातात. हवा कमी भरली तर घाटात त्याची बायको-मुले गाडीत असतात. एक चांगला गेज वेगळा डबीत ठेवावा, त्यावर महिन्यातून एकदा नळीचा काटा ताडून पाहावा. खर्च किरकोळ आहे.

'पंक्चरवाला' म्हणून आपल्या लोकांना हिणवण्याची रीत या देशात जुनी आहे. त्यावर भाषणे पुष्कळ झाली. आमचा त्यात एवढाच विचार आहे की, गाडीच्या दाराचा स्टिकर वाचून, टायरचा आकडा पाहून, "साहेब, या टायरला बत्तीस नाही, अडतीस लागतील," असे कारण देऊन सांगणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक उस्ताद म्हणते. हे शिकायला इंग्रजी शाळा लागत नाही. हिशेब बेरीज-वजाबाकीचा आहे आणि आकडे टायरवरच छापलेले आहेत. मुलगा आठवी-नववीपर्यंत शिकलेला असेल तर त्याला तक्ता वाचायला एक दुपार पुरे. पुढे जमल्यास त्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला घालावे.

आपले काम बरोबर झाले की नाही, हे पाहायची जुनी युक्तीही आहे. हिशेबाने हवा भरल्यावर टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ मारावी आणि सपाट डांबरी रस्त्यावर गाडी सरळ थोडी चालवावी. रेघ सगळीकडे सारखी पुसली तर हवा ठीक. मध्येच पुसली तर जास्त, कडांना पुसली तर कमी. एक-दोन पौंडांची दुरुस्ती यावरून करता येते. पण स्टिकरच्या आणि वजनाच्या हिशेबाच्या खाली खडू सांगतो म्हणून जायचे नाही.

राहता राहिली स्टेपनी. २१५ चा २३५ केला की टायरची उंची तीन सेंटीमीटरने वाढते; शंभरचा काटा दिसतो तेव्हा गाडी खरी १०४ ने पळत असते. स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहते, आणि वर्षभर तिच्यात कोणी हवा पाहिलेली नसते. अशी स्टेपनी लावून, फोर-व्हील घालून डांबरी रस्त्यावर गाडी चालवली तर लहान-मोठ्या चाकांच्या ओढाताणीत गिअरपेटीचा खर्च निघतो. चार टायर विकताना पाचव्याचे गिऱ्हाईकाला सांगावे. घेत नसेल तर निदान स्टेपनीत हवा भरून द्यावी आणि सांगावे, हिच्यावर फक्त पुढच्या दुकानापर्यंत, सावकाश.