कंबरेच्या डॉक्टरांना पोटाचंही सांगा

मैत्रिणींनो, कंबरदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो की आपण सगळं सांगतो. कुठे दुखतं, कधीपासून, जिना चढताना किती, कूस बदलताना किती. तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला होत नाही, हे मात्र सांगत नाही. एक तर लाज वाटते, आणि त्याचा कंबरेशी काय संबंध, असंही वाटतं. संबंध असू शकतो.

पाठीच्या खालच्या टोकाला दोन खळ्या दिसतात, साधारण तिथेच आत मधल्या तिकोनी हाडाला दोन्ही बाजूंची खुब्याची हाडं जुळतात. हे दोन एसआय सांधे. पुढे, ओटीपोटाच्या खाली, आणखी एक सांधा. या हाडांच्या कड्याला तळाशी स्नायूंची झोळी बांधलेली आहे, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावतात. तिचाच एक पट्टा गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, म्हणून मल अडून राहतो. शौचाच्या वेळी हा पट्टा सैल पडावा लागतो.

रोज कुंथलं की सगळा दाब या झोळीवर येतो. वर्षानुवर्षं असं चाललं की ती ताणून ढिली पडते, सांध्यांना मिळणारा आधार कमी होऊ शकतो, आणि पुढे काहींना ‘अंग बाहेर येण्याचा’ त्रासही होतो. उलट बाजूनेही त्रास होऊ शकतो. सांधा दुखत असला की शरीर आपोआप हे स्नायू आवळून धरतं. आवळलेले स्नायू शौचाच्या वेळी सुटत नाहीत, मग बाई आणखी कुंथते. त्यात ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल, तर तीही मल घट्ट करते. म्हणजे दुखण्यावरच्या औषधाने पोट बिघडतं, आणि पोटामुळे दुखणं वाढतं. प्रत्येक कंबरदुखीचं मूळ पोटात असतं असं नाही. पण पोटाचं विचारल्याशिवाय कंबरेचा उपचार अर्धाच राहू शकतो.

गरोदरपणात हे जास्त जाणवतं. कड्याचे बंध तेव्हा सैल होतात, आतडी मंदावतात, आणि रोजची लोहाची गोळी मल कडक करते. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना त्रास सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतील. एरंडेल तर या दिवसांत घेऊच नका.

आता एक कडू गोष्ट. बायकांचं पोट बिघडण्यामागे खाण्याइतकंच दाबून धरणं आहे. सकाळी कळ येते तेव्हा कुकर लावायचा असतो, डबा भरायचा असतो, पोरांची बस गाठायची असते. बाजारात, शेतात, कामाच्या ठिकाणी धड संडास नसतो, म्हणून पाणीही कमी प्यायचं. वारंवार दाबलेली कळ हळूहळू उठेनाशी होते. घरातल्या माणसांनो, सकाळची दहा मिनिटं तिला मोकळी द्या. पोळी थोडी उशिरा झाली तरी चालेल.

भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर उकिडवं बसणंच उत्तम, त्या बैठकीत तो पट्टा सैल पडायला मदत होते. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कंबरेपेक्षा वर येऊ द्या, किंचित पुढे झुका. श्वास रोखून जोर करू नका, तोंडाने सोडत राहा. होत नसेल तर उठा. मोबाइल घेऊन बसणं नको. जेवणात भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, पेरू, पपई वाढवा, पण हळूहळू, नाहीतर पोट फुगेल. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या, कमी पाण्यात ते उलट अडकतं. सोनामुखीची चूर्णं मात्र कुणाला न विचारता महिनोन्‌महिने घेत राहू नका.

हल्ली जो तो केगलचे, म्हणजे झोळीचे हे स्नायू आवळून सोडण्याचे, व्यायाम सुचवतो. स्नायू ढिले असतील तर ते उपयोगी, पण आधीच आवळलेले असतील तर त्याने त्रास वाढू शकतो. आपले कुठले, हे ओटीपोटाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, ते मंदावलं की पोटही मंदावतं.

शौचातून रक्त जात असेल, वजन उगाच उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर नव्याने बद्धकोष्ठ सुरू झालं असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि कंबरदुखीसोबत जांघांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठा.